चार माणसांनी वसवलेला गाव

चार माणसं एका ओसाड बेटावर आली, जमीन लागवडीखाली आणली, आणि त्यांच्या मागे वस्ती वाढत वाढत मोठी झाली. कारभार त्यांनी इतका नेटका चालवला की लोक त्यांना गांवकार म्हणू लागले. गोव्यातल्या गावांच्या जन्माची ही कथा १६ सप्टेंबर १५२६ च्या एका पोर्तुगीज सरकारी दस्तऐवजात, अगदी पहिल्या कलमात आहे. आणि तेव्हाही ती जुन्या काळापासून चालत आलेली गोष्ट म्हणूनच नोंदवली आहे! पणजीच्या ग्रंथालयात तिचं भाषांतर हाती आलं, ते पहिलं कलम वाचलं आणि मी जागेवरून उठूच शकलो नाही.

हा दस्तऐवज म्हणजे अफोन्सु मेशियचा ‘फोराल’. मेशिय हा पोर्तुगीज खजिन्याचा प्रमुख. गोव्याचा तिसवाडी भाग पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जिंकला खरा, पण महसूल कुणाकडून, कसा आणि किती घ्यायचा? गावाच्या रीतीभाती जाणून घेतल्याशिवाय त्याचं पानही हलणार नव्हतं. म्हणून त्याने त्या लिहून काढल्या. नवं राज्य आलं, तरी गावचा कारभार आधीपासून उभा होता. राज्याला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं!

आता शाळेतला इतिहास आठवा. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून अमेरिकेला निघाले. परवाना व्हर्जिनियाचा, पोचले भलतीकडेच, केप कॉडला. मग काही जण म्हणू लागले, इथे कुणाचा हुकूम आमच्यावर चालणार नाही. तेव्हा उतरण्याआधीच ४१ पुरुषांनी एका करारावर सह्या केल्या: आपण एक समाज म्हणून राहू, सर्वांच्या हिताचे कायदे करू आणि ते पाळू. प्लिमथ वसाहत अशी उभी राहिली, आणि लोकशाहीच्या इतिहासात त्या कागदाला मानाचं पान मिळालं. मिळायलाच हवं. पण आपल्या फोरालची तारीख त्याहून ९४ वर्षं जुनी आहे हो! आणि तो ज्या कारभाराचं वर्णन करतो, तो तर त्याच्याही आधीचा.

कारभार तरी कसा? सरकारचा सारा माणसावर नाही, अख्ख्या गावावर. पीक बुडालं तर तूट सगळ्यांनी मिळून सोसायची. सारा भरून, बांध-बंदिस्तीचा खर्च भागवून जे उरेल ते गांवकारांत वाटायचं. गांवकारांची बैठक बसायची, ठराव एकमताने व्हायचा आणि कुळकर्णी तो लिहून ठेवायचा. देवळाचे सेवेकरी, सुतार, लोहार, न्हावी, धोबी यांना गावच्या जमिनीतून नमशी, म्हणजे सेवेच्या मोबदल्यात जमीन, तोडून दिलेली. भात कापायची वेळ आली की पहिला विळा मुख्य गांवकाराच्या शेतात. पानविड्याचा मान कुणाला आधी, हेही ठरलेलं. कुठे खाडीकाठच्या खाजनाचा बांध फुटला तर एकट्याने काय होणार? खारं पाणी एकाच्या शेतात शिरून थांबत नाही. मला वाटतं, सामायिक कारभाराचं मूळ या बांधातच आहे.

प्लिमथमध्येही सुरुवातीला शेती सामायिकच होती. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं दगावली, पिकं पुरेनात, आणि १६२३ मध्ये त्यांनी घराघराला जमीन वाटून दिली. आपल्या गांवकारांनी मात्र सामायिक जमीन शतकानुशतकं सांभाळली. केवढी ही चिकाटी!

तुम्ही म्हणाल, फोराल तिसवाडीचा, त्यात आपल्या पेडण्यातल्या धारगळचं काय? पेडणं तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतंच. ते सावंतवाडीच्या भोसल्यांकडून त्यांच्या हाती गेलं १७८८ मध्ये. पण आमच्या पेडण्यात शिमग्याला मांडावर गाऱ्हाणं घालतात तेव्हा देवांबरोबर पूर्वसाचंही, म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळपुरुषाचंही नाव घेतात. फोरालच्या पहिल्या कलमातली ती माणसं आमच्याकडे दरवर्षी हाकेला येतात!

आणखी एक गोष्ट वाचून तर अंगावर काटाच आला. प्लिमथला गेलेल्यांपैकी बरेच जण धर्मासाठी देश सोडून आधी हॉलंडला आणि मग समुद्रापार गेले होते. आमच्याकडे त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, धर्म राखण्यासाठीच दिवाडीच्या सप्तकोटीश्वराचं लिंग मांडवी ओलांडून डिचोलीत नार्व्याला आलं. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देव घेऊन निघालेल्या माणसांनी नदीच्या अलीकडे पुन्हा संसार मांडले, पुन्हा मानपान ठरवले, पुन्हा जत्रा भरवल्या. वसाहत उभारणं याहून वेगळं काय असतं?

गांवकरीचे, म्हणजे गांवकारांच्या या कारभाराचे, गोडवे गाताना तिची उणीव झाकायची नाही. तिथे बायकांना जागा नव्हती, हक्क बापाकडून मुलाकडे जायचा, राबणारं कूळ बैठकीबाहेरच राहायचं. मेफ्लॉवरच्या करारावरही एका बाईची सही नाही, आणि ती भूमी ज्यांची होती त्या वांपानोआग लोकांना त्यात कुणी विचारलं नाही. आपल्या गावच्या कारभाराची ती बंद दारं आज उघडी आहेत. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने ग्रामसभेत गावच्या प्रत्येक मतदाराला, बाई असो वा कूळ, बसायचा हक्क दिला आहे.

धारगळातून महामार्ग जातो, आयुर्वेद संस्थान इथे उभं राहिलं, मोपाचा विमानतळ जवळच आहे. जमिनीचे मोठे निर्णय याच वर्षांत होत आहेत. म्हणून कळकळीने सांगतो: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गावच्या वहिवाटी विचारा आणि लिहून ठेवा. आणि पुढच्या रविवारी ग्रामसभा असेल तर घरी बसू नका. गाव वसवणाऱ्यांनी कारभार दुसऱ्यावर सोडला नव्हता, आपणही सोडू नये.