नाव देणे, नावे ठेवणे

आत्या ओटीवर सुपाऱ्या निवडत बसली आहे. मी पायरीवर, मांडीवर कागद घेऊन. व्यक्तिमत्त्व विकारांवर मराठीत एक माहितीपत्रक लिहून द्यायचं आहे. मुंबईत जमेना, म्हणून रायगड जिल्ह्यात, बोर्लीला आत्याकडे आलो.

"कसले विकार म्हणालास?"

सांगितलं. विचार करण्याची, वाटण्याची, माणसांशी वागण्याची एक घडी लहानपणापासून किंवा तरुणपणापासून पडत जाते. ती इतकी कडक होते की त्या माणसाचं आणि भोवतालच्यांचं जगणं अडतं.

"म्हणजे स्वभावच ना रे?"

पुन्हा दहा मिनिटं समजावलं.

"हां, म्हणजे स्वभावच. त्याला औषध नसतं."

*

मराठीला स्वभावाच्या शब्दांची ददात नाही. माणूसघाणा, संशयी, हेकट, तिरसट, घुमा, एककल्ली, आतल्या गाठीचा. 'खवट' तर आमच्या वाडीतलाच शब्द: खोबरंही खवट, म्हातारेही खवट. मात्र यातला एकही शब्द माणूस स्वतःविषयी वापरत नाही. सगळे दुसऱ्यासाठी, आणि बहुधा तो दुसरा समोर नसताना. याला आपण नावं ठेवणं म्हणतो. निदान म्हणजेही नाव देणंच, पण ते समोर बसवून द्यावं लागतं.

*

याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या शिवथरघळीत रामदासांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. त्याच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. लक्षणांमागून लक्षणं, जवळजवळ आजच्या निदानपुस्तिकेसारखी. ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसने इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात असेच ३० नमुने लिहून ठेवले. रामदासांना माणूस सुधारायचा होता, थिओफ्रास्टसला बहुधा हसायचं होतं. रोगी म्हणून या नमुन्यांकडे कोणी पाहत नव्हतं.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडरने १९२३ मध्ये विकृत व्यक्तिमत्त्वांचे दहा प्रकार मांडले. त्याची कसोटी मला अजून आवडते: आपल्या वेगळेपणाचा त्रास ज्याला स्वतःला होतो, किंवा ज्याच्यापायी समाजाला होतो, तो. नुसता वेगळा असणारा यात येत नाही. तो वल्ली. कोकणात वल्लींना तोटा नाही आणि त्यांना डॉक्टरची गरजही नाही.

*

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या पुस्तिकेने १९८० मध्ये या विकारांना स्वतंत्र रकाना दिला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो रकाना गेला, पण दहा विकार आणि त्यांचे तीन गट राहिले: विचित्र वाटणाऱ्यांचा, भावनांचा भडका उडणाऱ्यांचा आणि भित्र्या-काळजीखोरांचा.

भडक्याच्या गटातल्या बॉर्डरलाइन विकाराची लक्षणं नऊ. पाच जुळली की निदान. दुपारी पेन्सिल घेऊन बसलो. नवांतली पाच किंवा अधिक लक्षणं जुळण्याच्या रीती होतात २५६. म्हणजे एकाच नावाची दोन माणसं शेजारी बसवली, तर त्यांच्यात एकच लक्षण समान असू शकतं. आणि चार लक्षणांवाला कोण? तो कागदावर निरोगी. चौथ्या आणि पाचव्या लक्षणात कुठलीशी खाडी असावी तसं.

*

जागतिक आरोग्य संघटनेने ती खाडी बुजवली. रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने जुने प्रकार काढून टाकले: संशयी, अलिप्त, नाटकी, परावलंबी, सगळे. आता पहिला प्रश्न 'कुठला?' असा नाही, 'किती?' असा आहे. सौम्य, मध्यम की तीव्र. त्याच्याही अलीकडे 'व्यक्तिमत्त्वातली अडचण' अशी एक पायरी आहे, तिला विकार म्हणायचं नाही. तीव्रता ठरवताना पाहायचं ते असं: माणसाला स्वतःविषयी काय वाटतं, स्वतःची किंमत किती हेलकावे खाते, नाती धरता येतात का, टिकतात का.

मग हवं तर पाच छटा. सतत खाली ओढणाऱ्या भावना, अलिप्तता, दुसऱ्याची पर्वा नसणं, उतावळा असंयम आणि अति काटेकोरपणा. एकाच माणसात दोन-तीन छटा सहज असतात. बॉर्डरलाइन तेवढं एक खूण म्हणून राहिलं, कारण त्यावरच्या उपचारांची घडी बसली होती आणि डॉक्टर ते नाव सोडायला तयार नव्हते.

वाचताना दासबोधाचा तोच दुसरा दशक आठवला. मूर्खाच्या आणि पढतमूर्खाच्या मध्ये रज, तम, सत्त्व असे तीन समास आहेत. नमुने एका बाजूला, कमी-जास्त प्रमाणाची गुणांची भाषा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकाच दशकात. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. पण साम्य गमतीचं आहे.

*

काटेकोरपणा म्हटल्यावर आत्या लगेच म्हणाली, "म्हणजे आमचे नाना!"

नाना म्हणजे आत्याचे थोरले दीर. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण. आठ बोटं जमिनीसाठी मोजणीचे कागद गादीखाली. मीही मनात फॉर्म भरायला घेतला. संशय, आहे. हेका, आहे.

पण ३ जून २०२०. निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आलं. नानांची वाडी झोपली. पोफळी अशा मोडल्या होत्या की चालायला वाट नव्हती. पुढे काही महिने नाना कुणाशी बोलत नव्हते. पडलेले ओंडके लोक चोरतात म्हणत रात्रभर बॅटरी घेऊन फिरायचे. जेवण तुटलं. सगळे म्हणाले, मूळचाच स्वभाव, आता वर आला.

नवी रोपं लावली, झोप परतली, तसे रात्रीचे फेरेही थांबले. बांधाचं भांडण मात्र चालूच.

म्हणून अकराव्या आवृत्तीत ही घडी निदान दोन वर्षं टिकलेली असावी अशी अट आहे. नैराश्यात माणूस पाहिला, की त्याचा स्वभाव म्हणून आपण त्याचं नैराश्यच पाहत असतो.

*

या विकारांच्या निदानाला रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. बोलणं आहे आणि वेळ आहे. एका भेटीत हे ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शाळेपासूनची हकीकत लागते. घरी, कामावर, मित्रांत घडी तीच आहे का, हे बघावं लागतं. दारू, थायरॉइड, डोक्याला मार, या गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. उतारवयात एकाएकी पालटलेला 'स्वभाव' तर मेंदूच्या आजाराची खूण असू शकतो. रुग्णाच्या परवानगीने घरच्या माणसाशीही बोलावं लागतं, कारण पुष्कळदा रुग्णाला आपलं वागणं खटकतच नाही. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्याला आपलं धुणं छळतं. अति काटेकोर माणसाला छळतात ते इतरांचे गबाळे हात.

बोर्लीहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर दिघीला जाऊन जंगलजेट्टीने खाडी ओलांडा, आगरदांडा, मुरूड, मग पुढे. एवढी खटपट 'स्वभावा'साठी कोण करणार?

*

नाव देताना जपावं लागतं, हे कायद्याला बरं कळलेलं दिसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम सांगतं, की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आणि घटस्फोटाच्या एका खटल्यात, राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलं की आजाराचं नुसतं नाव पुरत नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते. तिथे आजार स्किझोफ्रेनिया होता, व्यक्तिमत्त्व विकार नव्हे. पण 'किती?' हा प्रश्न न्यायालयाने वर्गीकरणवाल्यांच्या तीसेक वर्षं आधी विचारला.

हल्ली नवरा-बायकोच्या भांडणात 'तो नार्सिसिस्ट आहे' हे वाक्य मराठीतही सर्रास ऐकू येतं. खाष्ट, आपमतलबी हे शब्द काय वाईट होते? त्यांच्यात निदान डॉक्टरकीचा आव नव्हता.

*

औषधाबाबत आत्या अर्धी बरोबर आहे. व्यक्तिमत्त्व विकारासाठी म्हणून ठरलेली गोळी नाही. सोबतचं नैराश्य, चिंता यांवर गोळ्या असतात. पण बॉर्डरलाइन असलेल्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा बहुतेकांची लक्षणं ओसरलेली दिसली. त्यावरची एक नावाजलेली उपचारपद्धती मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी घडवली. भावनांचा लोंढा आला की काय करायचं, हे त्यात पोहणं शिकवावं तसं शिकवतात. २०११ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी आपण स्वतःच मनोरुग्णालयात होतो. सांगण्यासाठी तेच रुग्णालय निवडलं.

हे आत्याला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नानांना शिकवील का कोणी?"

*

संध्याकाळी ओटीवर दोन ढीग झाले. एक व्यापाऱ्याचा, एक टाकायचा. काही सुपाऱ्या हातात घेऊन ती थांबते, उलटसुलट करते आणि मांडीवरच ठेवते.

"या कुठल्या?"

"या घरात खायच्या."