कॅमेऱ्याचे तोंड बागेकडे

घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळले की कॅमेऱ्याचा विषय आज ना उद्या निघतोच. मुले परगावी असतात, सांभाळणारी व्यक्ती एकटी असते आणि ‘खोलीत एक कॅमेरा लावून टाकू’ असे कोणीतरी काळजीपोटी सुचवते. आपल्याही घरी हे बोलणे झाले असेल. मी मात्र आज आपल्याशी रुग्णाच्या खोलीबाहेर लावलेल्या कॅमेऱ्याविषयी बोलणार आहे.

आमचे साताऱ्याचे घर जुने आहे. ह्यांना गेली काही वर्षे कंपवात आहे. त्यातच पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया झाली. न्हाणीघर जवळ पडावे म्हणून पलंग पुढच्या खोलीत आणला. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडते. ह्यांनी तीस वर्षे राखलेली बाग घराच्या मागे, चार पायऱ्या उतरून आहे. चाकांची खुर्ची तेथवर न्यायची, तर दोन धट्टी माणसे लागतात.

प्रारंभी हे रोज विचारीत, “कढीपत्त्याला फुटवा आला का? प्राजक्ताला पाणी घातलेस का?” दोन महिन्यांनी हे प्रश्न थांबले. वेदना औषधाने कमी करता येते. प्रश्न थांबले की काय करावे, हे मला कळेना.

त्याच सुमारास बंगळुरूहून आलेल्या मुलाने खोलीत कॅमेरा लावण्याचा विचार मांडला. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझ्याकडे काय बघत बसणार आहेस? मलाच काहीतरी बघू दे.”

त्या एका वाक्याने कॅमेऱ्याची जागा ठरली.

आपल्याला असे काही करावयाचे असल्यास थोडी पूर्वतयारी उपयोगी पडते. कॅमेरा उघड्यावर टिकणारा हवा. खोक्यावर आयपी ६५ किंवा आयपी ६६ असे लिहिलेले असते, म्हणजे त्यात धूळ शिरत नाही आणि पाण्याच्या फवाऱ्यानेही तो बिघडत नाही. तरीही तो वळचणीखाली बसवावा, म्हणजे भिंगावर पागोळ्यांचे थेंब पडत नाहीत. सकाळ-संध्याकाळचे ऊन थेट भिंगात शिरेल अशी दिशा टाळावी. भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वी नियोजित जागी मोबाईल धरून घरातील वाय-फाय तेथे पोहोचते का, ते पाहावे. जाड भिंतींतून २.४ गिगाहर्ट्झचा संकेत ५ गिगाहर्ट्झपेक्षा दूरवर जातो. तोही पोहोचत नसेल, तर वीज आणि चित्र एकाच तारेतून नेणारे कॅमेरे मिळतात. ती तार शंभर मीटरपर्यंत नेता येते. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

दोन गोष्टींत हयगय नको. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते, ते असे मूळचे पासवर्ड तसेच राहिल्यामुळेच. दुसरी गोष्ट शेजारधर्माची. चित्रात केवळ आपली बाग यावी. शेजाऱ्यांचे मागील दार, त्यांची कपडे वाळत घालण्याची दोरी येऊ नये. ध्वनिग्रहण बंद ठेवावे. माळीबुवा आणि कामाच्या मावशी यांनाही कॅमेऱ्याची कल्पना द्यावी. आम्ही माळीबुवांना तो दाखविला, तेव्हा ते त्याच्याकडे पाहून हसले आणि त्यांनी दुरूनच ह्यांना रामराम घातला.

आता पलंगाशेजारी स्टँडवर टॅबलेट असतो. परंतु केवळ पडद्यावर झाडे दिसल्याने मनाला उभारी येते, असा माझा दावा नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील पीटर कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खऱ्या खिडकीतून निसर्ग पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके ताणानंतर लवकर पूर्ववत झाले. तेच दृश्य पडद्यावर पाहणाऱ्यांत आणि कोऱ्या भिंतीसमोर बसलेल्यांत मात्र तसा फरक आढळला नाही.

मग आमच्या घरी काय पालटले? एके सकाळी ह्यांनी हाक मारली, “लिंबाची कोवळी पाने आकसलेली दिसतात. एक डहाळी तोडून आण.” मी आणली. थरथरत्या हातांनी पान चष्म्याजवळ धरून हे म्हणाले, “नागअळी आहे. माळीबुवांना कडुनिंबाचे तेल फवारायला सांग.” पानावर खरोखरच चंदेरी नागमोडी रेघा होत्या. त्या दिवसापासून बागेचा कारभार पुन्हा ह्यांच्याकडे आला.

एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी १९७६ साली अमेरिकेतील एका वृद्धाश्रमातील अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील एका गटाला स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास सांगून सांभाळण्यासाठी एकेक रोपही दिले होते. दुसऱ्या गटाच्या रोपांची निगा परिचारिका राखीत. पहिल्या गटातील वृद्ध अधिक सजग आणि उत्साही आढळले. ह्यांच्याकडे पाहताना मला त्या रोपांची आठवण होते.

पडदा उन्हाची आणि मातीच्या वासाची उणीव भरून काढीत नाही, हेही ध्यानात असावे. म्हणून रविवारी दोघांच्या मदतीने ह्यांना आम्ही अर्धा तास परसात नेतो आणि उशाशी तुळशीची एक कुंडी असते. टॅबलेटही दिवसभर चालू नसतो. हे सांगतील तेव्हा लावायचा, सांगतील तेव्हा मिटायचा.

आपण कॅमेरा विकत घेण्याचे योजिले असेल, तर आधी आपल्या माणसाच्या जवळ बसून एक प्रश्न विचारावा : “तुम्हाला काय बघायचे आहे?” कोणी बाग म्हणेल, कोणी गोठा म्हणेल, कोणी अंगणातील तुळशीवृंदावन. कोणी ‘काहीच नको’ असेही म्हणेल, आणि तेही मानावे. भिंतीवरची जागा त्यानंतर शोधावी.