चाळीस एमबीची यादी

‘तुमच्या मूलकडे नेटच तसं आहे, त्याला आम्ही काय करणार?’ पुण्याहून फोनवर मिळालेलं हे उत्तर मला अजून डाचतं.

२०२४ चा डिसेंबर. धान निघालेला, हमीभाव क्विंटलला २३०० रुपये, धान खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरांची रांग. काकांचा धान घेऊन मी गेलो होतो. नोंदी एका वेब ॲपवर होत्या. ते पुण्यात बनलेलं, कुणी बनवलं ते इथे सांगत नाही. ऑपरेटर पोरगा ‘शेतकरी यादी’वर क्लिक करायचा आणि चक्री फिरत राहायची. खिडकीतून एक म्हातारा सारखा विचारत होता, ‘बाबू, माझा नंबर केव्हा लागल जी?’

मी मूल गावात घरी बसून असलीच ॲप्स लिहितो, त्यामुळे मला राहवेना. त्याला एफ-ट्वेल्व्ह दाबायला लावलं, नेटवर्कचा टॅब उघडला. त्या एका यादीचं उत्तर चाळीस एमबीचं होतं! स्क्रीनवर काय, तर शंभर नावं, गाव, नोंदणी क्रमांक आणि ‘मंजूर’ की ‘प्रलंबित’. उत्तर उघडून पाहिलं. प्रत्येक नावामागे अक्षरांचा न संपणारा लगदा होता. सातबाऱ्याचा स्कॅन आणि पासबुकाचा स्कॅन, दोन्ही बेस-सिक्स्टीफोर करून त्याच टेबलात कोंबलेले. स्कॅन दीडशे केबीचा धरा. माणशी दोन, म्हणजे शंभर जणांचे तीस एमबी, आणि बेस-सिक्स्टीफोरमुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो. झाले चाळीस. केंद्रावर जेमतेम दोन एमबीपीएस मिळत होतं, म्हणजे यादीला अडीच मिनिटांच्या वर. पुण्यात शंभर एमबीपीएसवर तीच यादी तीन-साडेतीन सेकंदांत येणार. तिथे कुणाला काही खटकलंच नाही, त्यात त्यांच्या चाचणीच्या डेटाबेसमध्ये स्कॅन नव्हतेच.

मागे क्वेरी होती ‘सिलेक्ट स्टार’च्या धर्तीची. टेबलात जे आहे ते सगळं आण. यादीला चार रकाने लागतात तर चारच मागावेत, एवढी साधी गोष्ट. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी ‘ओन्ली’ आहे, ‘डिफर’ आहे, नुसती मूल्यं हवी असतील तर ‘व्हॅल्यूज’ आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर साधारण दोन केबीच्या पुढचा मजकूर बहुधा वेगळ्या टोस्ट टेबलात ठेवतं. तो रकाना मागितलाच नाही तर तिकडे डिस्कला हातही लागत नाही. म्हणजे वाचवायची सोय आधीपासून तयार होती, फक्त रकान्यांची नावं लिहायची होती. आणि वेग सोडा, शंभर शेतकऱ्यांची पासबुकं यादी उघडणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरवर उतरत होती! हे कुणालाच गैर वाटलं नाही, याचा मला वेगाहून जास्त राग आहे.

मी स्क्रीनशॉट काढून पुण्याला पाठवले. आधी ‘टॉवरची तक्रार करा’ म्हणाले. पुन्हा पाठवले, फोन केले, शेवटी दुरुस्ती झाली. यादी वीस केबीवर आली आणि क्लिक करताच उघडू लागली. मग त्यांनी उत्साहात सगळीकडे ‘ओन्ली’ लावलं. एका पानावर मोबाइल नंबर दाखवायचा होता, तो रकाना मागायचा राहिला. जँगो असं चुकलेलं बिनबोभाट भरून काढतं, पण दर ओळीमागे एक वेगळी क्वेरी मारून. शंभर ओळी, शंभर फेऱ्या. ते पान आधीपेक्षा सुस्त झालं. तेव्हा जे नवीन शिकताहेत त्यांना सांगतो, क्वेरींची संख्या मोजल्याशिवाय ‘ओन्ली’ला हात लावू नका. छोट्या टेबलाला तर सगळे रकाने आणले तरी काही बिघडत नाही. मी स्वतः आणतो.

आणि खरं म्हणजे मूलचं नेट वाईटच आहे. पुण्याचा तो माणूस त्या बाबतीत खोटं बोलला नव्हता. पण नेट वाईट आहे हे माहीत असताना त्यावरून चाळीस एमबी का पाठवायचे, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

त्या हंगामात ऑपरेटरच्या नावापुढे ‘काम संथ’ असा शेरा पडला आणि पुढच्या वर्षी त्याला घेतलं नाही. ‘दादा, मी तर क्लिकच करत होतो ना,’ तो म्हणाला. शेरा काढावा म्हणून मी स्क्रीनशॉट जोडून पत्र दिलं आहे. ते कोणत्या टेबलावर पडून आहे, ते केंद्रावर कुणी सांगत नाही.