कुत्र्यानं काय बिघडवलं?

गिरडच्या टेकडीला गोष्ट आहे. शेख फरीदबाबाच्या दर्ग्याची ती टेकडी. तिथं मातीत गोल गोल दगड सापडतात. कोण्या व्यापाऱ्यानं बाबाची टिंगल केली अन् त्याच्या मालाचे दगड झाले, असं लोक सांगतात. शाळेतले गुरुजी सांगायचे, काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेली ती खनिजं, झिओलाइट. दोन्ही ऐकत आम्ही वाढलो.

आमच्या गावच्या बरडीला गोष्ट नाही. समुद्रपूर तालुक्यातली एक उघडी टेकडी. वर चार पळस, बोरीची झुडपं, कुसळी गवत. देव नाही, जत्रा नाही. पायवाट गुरांनी पाडलेली. गोष्ट नाही म्हणजे कोणी लिहिली नाही. आमच्या वस्तीले ती पाठ आहे. ह्या बरडीच्या पायथ्याशी गावची मेलेली ढोरं ओढून आणायची अन् फाडायची, हे काम आमच्या बापजाद्यांचं होतं.

मी हिंगणघाटला सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. रात्रपाळीत तुटलेलं सूत जोडतो, सकाळी नाकातोंडातला कापूस काढतो अन् कधी कधी कविता लिहितो. मागच्या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी गावी गेलो. नवी कविता आबाजीले वाचून दाखवली. 'आम्ही कुत्र्याचं जिणं जगलो' अशी तिची सुरुवात. मले वाटलं, म्हातारा मान डोलावेल.

आबाजी म्हणाला, "कावून रे, कुत्र्यानं तुह्यं काय बिघडवलं?"

मी गप्प.

"बरडीखाली ढोर पडे तं आम्ही एकीकडून, कुत्रे दुसरीकडून. वर गिधाडं. कुत्रा मले कधी म्हणला नाही का दूर हो. गाव म्हणे. तू गावावर लिव ना. कुत्र्यावर कावून लिवतं?"

आबाजी १९५६ ला पंधरा वर्षांचा होता. १४ ऑक्टोबरला नागपूरले बापासंगं पायी गेला. परत आल्यावर आमच्या लोकांनी ढोरं ओढणं सोडलं. गावानं निंदणाची, कापणीची कामं बंद केली. दोन वर्षं अंबाडीची भाजी अन् कण्या खाऊन काढली, पण ढोराले हात लावला नाही. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हे बाबासाहेबांनी महाडले १९२७ मध्येच सांगितलं होतं. आमच्या गावापर्यंत यायला त्याले एकोणतीस वर्षं लागली.

दुपारी मी बरडीकडे निघालो. विहाराच्या ओट्यावर झोपणारा शेरू मागं आला. तो कोणाचाच नाही, म्हणून वस्तीचा. पायथ्याशी थांबलो. आता तिथं हाडं नाहीत. गिधाडंही नाहीत. ढोरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक औषधानं ती मेली. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी आणली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. शेरू मात्र तिथं बराच वेळ हुंगत राहिला. माती त्याले काय सांगत होती, तोच जाणे.

चढताना डोक्यात आबाजीचाच सवाल. मनुस्मृतीनं चांडाळाची संपत्ती म्हणून कुत्रे अन् गाढवं नेमून दिली. आम्हाला कुत्र्याच्या पंगतीला बसवणारा हात तो. तोच ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला जाळला. अन् महाभारतात युधिष्ठिर कुत्र्याले घेऊन डोंगर चढतो, त्याच्यासाठी स्वर्गही नाकारतो. शेवटी तो कुत्रा धर्मदेव निघतो. म्हणजे कुत्र्याले मान मिळाला तो कुत्रा म्हणून नाहीच! आमच्या शेरूनं देव व्हायची गरज नाही. तो दमला, जीभ काढून बसला, मी त्याच्याजवळ बसलो. हवा निवळ होती. दूर गिरडची टेकडी दिसत होती.

१९३१ मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी गांधीजींना विचारलं होतं, की जिथं आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षाही हीन वागवतात त्या भूमीला मी माझी कशी म्हणू? मी त्यातलं 'कुत्रं' तेवढं उचललं होतं. त्यांनी तर माप काढलं होतं. जनावराले जे मिळतं ते माणसाले का नाही? आरोपी कुत्रा नव्हता, व्यवस्था होती.

उतरताना एका वावरात पाण्याचं टाकं दिसलं. शेरू आधी धावला, तोंड घालून प्यायला. मालक धुऱ्यावर उभा होता, काही बोलला नाही. मी वाकलो तसा तो म्हणाला, "कोणाचा रे तू? आडनाव काय?"

मी सांगितलं.

"थांब, वरून ओततो."

आवाजात राग नव्हता. मायाच होती म्हणा ना. त्या मायेनंच मी जास्त जळलो. शिवी आली असती तर शिवी देता आली असती. मी दोन्ही हात कोपरापर्यंत टाक्यात घातले अन् पोटभर प्यायलो. तो पाहत राहिला. मी पाहिलं, शेरूनं पाहिलं.

शंभर पावलं गेलो असेन, मागं मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. टाकं धुवायले की हरभऱ्याले पाणी द्यायले, मले माहीत नाही. महाडचं तळं शेण-गोमूत्रानं शुद्ध केलं, हे आपण वाचलं आहे. एवढंच सांगतो मित्रहो, शेरू प्यायला तेव्हा मोटर सुरू झाली नव्हती.

रात्री कवितेची पहिली ओळ खोडली. आबाजीले दाखवली. त्यानं चष्मा लावला, खोडलेली जागा पाहिली अन् म्हणाला, "आता लिव."

उद्या पहिली पाळी आहे. ओळ अजून सुचलेली नाही. पण ती कुत्र्यावर नसेल.