निजावयाची खोली

गेल्या वैशाखांत एका आप्ताच्या लग्नानिमित्त सोलापुरास एका मोठ्या हॉटेलांत दोन रात्री उतरण्याचा योग आम्हांस आला. पांढरीं शुभ्र अंथरुणें, उशाशीं हात पोहोंचेल असा दिवा, घडी घालून ठेवलेले टॉवेल, पावलांचा आवाज गिळून टाकणारा गालिचा, आणि दारावर अडकविली कीं कोणी हांक मारूं नये अशी पाटी, हें सारें पाहून आमच्या घरांतील तरुण मंडळी अगदीं हरखून गेली. परत येतांना गाडींतच बेत ठरला कीं, धाराशिवच्या आपल्या घरांत अशीच एक खोली करावयाची, आणि ती आईस द्यावयाची. बेत स्तुत्य होता. त्यांत अडचण एकच होती. जिच्यासाठीं खोली करावयाची, तिनें त्या दोन रात्रींत डोळ्याला डोळा लावला नव्हता.

थोरल्या सूनबाईंनीं विचारलें, "आई, गादी रुतली का हो?" आई म्हणाली, "गादीला काय झालंय? बाहेर पडायचं दार कुठं आहे, तेच रात्रभर आठवत पडले होते."

हें उत्तर ज्यांस चमत्कारिक वाटेल, त्यांनीं आमच्या जिल्ह्याचा इतिहास थोडा ध्यानांत घ्यावा. आमचें मूळ घर उमरगे तालुक्यांतलें. मराठवाड्यांतील जुनीं घरें पाहिलेल्या वाचकांस माळवदाचें सुख सांगावयास नको. दगडमातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लांकडी तुळ्या, आणि तुळ्यांवर मातीचा जाड थर. वैशाखांत बाहेर अंगाची लाही होत असतां माजघरांत गारवा असावयाचा. यंत्रानें थंड केलेल्या खोल्या ज्या काळीं नव्हत्या, त्या काळचा तो ऐषआरामच होय. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीचे गणपति बोळवून लोक दमून निजले असतां, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूमि हादरली, आणि ज्या भिंतींनीं पिढ्यान् पिढ्या गारवा दिला, त्याच निजलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. किल्लारीचें नांव सर्वतोमुखीं झालें. पण आजच्या लोहारे तालुक्यांतील सास्तूरसारख्या आमच्या बाजूच्या गांवांचा आकांतही तितकाच मोठा होता.

आमच्या घराची पूर्वेची भिंत माजघरांत पडली. तेथें निजलेल्या आमच्या आत्याबाई गेल्या. आई वांचली ती एवढ्याचमुळें कीं, धाकटें मूल रडत होतें म्हणून त्यास खांद्यावर घेऊन ती अंगणांत फिरत होती. पुढें सरकारनें नवीं गांवें वसविलीं, पक्कीं घरें दिलीं. तरी कित्येक कुटुंबें वर्षानुवर्षें त्या पक्क्या घरांपुढें पत्र्याची शेड घालून तींतच निजत असत. आम्ही धाराशिवास येऊन राहिलों. येथेंही आईचें अंथरुण ओसरीवर, दारापाशीं. आणि दाराला कडी नाहीं. याला आतां तीस वर्षें होऊन गेलीं. घरांत चार खोल्या असून वडील माणूस ओसरीवर निजतें, याची लाज आम्हांस वाटे. पण तिची भीति काढण्याचा उपाय कोणापाशींच नव्हता.

खोलीचा वाद असा अर्धवट राहिला असतां दसरा आला. त्यानंतर दोन दिवसांनीं आईला घेऊन आम्ही तुळजापुरास गेलों. धाराशिवाहून ही वाट अर्ध्या-पाऊण तासाची; बालाघाटाच्या डोंगरांतून जाते. देऊळ लहानपणापासून पाहिलेलें. पण त्या दिवशीं खोलीचा विषय डोक्यांत असल्यामुळें एक गोष्ट आम्हांस नव्यानें दिसली. या जगदंबेला निजावयास स्वतंत्र खोली आहे. तिला शेजघर म्हणतात.

तुळजाभवानीची मूर्ति चल आहे, म्हणजे सिंहासनावरून उचलून हलवितां येते. वर्षांतून तीन वेळां तिला पलंगावर निजवितात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून शारदीय नवरात्राच्या आदल्या अमावास्येपर्यंत घोरनिद्रा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. आणि पौषांत शाकंभरी नवरात्रापूर्वीं मोहनिद्रा. सारे मिळून हे सुमारें एकवीस दिवस होतात. दसऱ्याच्या वेळचा पलंग नगराकडून येतो, पालखी बुऱ्हाणनगराहून येते; माणसें तीं खांद्यावर घेऊन पायीं चालत आणतात. भाद्रपदांतल्या निद्रेपूर्वीं गांवांतल्या बायका जमून गादीसाठीं कापूस हातांनीं पिंजतात. सीमोल्लंघनाच्या पहाटे मूर्तीला कोठें धक्का लागूं नये म्हणून ती साड्यांच्या घड्यांत गुंडाळून पालखींत ठेवितात, प्रदक्षिणा होते, आणि मग देवी निजते.

आम्हांस विशेष वाटलें तें या निद्रांच्या वेळेचें. महिषासुराशीं झुंजण्यापूर्वीं झोप, आणि झुंज संपल्यावर झोप. श्रम करणारीला विश्रांति मिळाली पाहिजे, हें येथें कोणी उपदेश म्हणून सांगत नाहीं. तो विधीचाच भाग आहे. आणि आमच्या घरांत? सणाच्या आधीं आठ दिवस आणि सणानंतर चार दिवस ज्या बायका राबतात, त्यांना दुपारीं घटकाभर पाठ टेकावयाची झाली तरी कोणाच्या तरी हांकेला कान द्यावा लागतो. एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही पुष्कळ गातों. पण सर्वांच्या मागून निजून सर्वांच्या आधीं उठणारी व्यक्ति प्रत्येक घरांत एक असते, आणि तिच्या झोपेचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

त्याच दिवशीं परततांना मुलांच्या आग्रहास्तव नळदुर्गाकडे वळलों. बोरी नदी अडवून बांधलेल्या तेथील बंधाऱ्याच्या पोटांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानें १६१३ च्या सुमारास पाणीमहाल बांधविला. पाऊस चांगला झाला कीं, नर आणि मादी नांवांच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतें, आणि आंतल्या दालनांत मात्र थेंब येत नाहीं. सज्जांतून पाहावें तों समोर पाण्याचा पडदा! मुलें म्हणालीं, याहून थोर हॉटेल जगांत नसेल. आई आंत आली नाहीं. वरच्या बाजूसच उभी राहून म्हणाली, "शोभा खूप आहे रे, पण बादशहाला इथं झोप लागत होती का?" त्या प्रश्नाचें उत्तर कोणापाशीं नव्हतें. पण शोभा निराळी आणि निद्रा निराळी, हें आम्हां सर्वांच्या मनांत तेथेंच पक्कें झालें.

वस्तुतः हॉटेलवाल्यांनाही हें तत्त्व ठाऊक आहे. पॅरिसमध्यें १८९८ सालीं आपलें प्रसिद्ध हॉटेल काढणारा सेझार रिट्झ हा स्वित्झर्लंडांतील एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा कटाक्ष भपक्याइतकाच स्वच्छतेवर आणि खोलीला जोडून असलेल्या स्नानगृहावर होता. आज सर्वत्र दिसणारें तें पांढरेंशुभ्र अंथरूण १९९९ सालीं एका अमेरिकन हॉटेल-मंडळीनें मोठ्या प्रमाणावर प्रचारांत आणलें. त्यांतलें इंगित एवढेंच कीं, पांढऱ्यावर मळ लपत नाहीं. पाहुण्याचें मन तेथेंच निःशंक होतें. ऐषआरामाचें मूळ निःशंकपणांत आहे. मग ज्या माणसाची शंका मळाची नसून भिंतीची आहे, त्याचा ऐषआरामही त्या शंकेपासूनच सुरू केला पाहिजे.

दिवाळीनंतर आम्ही कामास लागलों. अंगणाकडची शेवटची खोली निवडली. तिला थेट अंगणांत उघडणारें दुसरें दार पाडलें, तें बाहेरच्या बाजूस उघडणारें. घराचें बांधकाम एका जाणत्या इंजिनियराकडून तपासून घेतलें. लोखंडी कपाट भिंतीला पट्ट्यांनीं जखडून टाकलें. पलंगाच्या वर असलेली फळी काढली, आणि पूर्वजांच्या जड तसबिरी समोरच्या भिंतीवर नेल्या. गालिचा कोणीं घेतला नाहीं. जुन्या गादीचा कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हां पिंजून घेतला, त्यावर नीळ घालून धुतलेली पांढरी चादर, पायथ्याशीं सोलापुरी चादर, उशाशीं दिवा, विजेरी आणि तांब्याभांडें. खर्च त्या हॉटेलांतील दोन रात्रींच्या भाड्यापेक्षां अधिक झाला, हें खरें. पण बहुतेक सारा दारावरच झाला.

हॉटेलांतील एक वस्तु मात्र आम्हीं जशीच्या तशी उचलली. तेथें दाराच्या आंतल्या बाजूस, संकट आल्यास कोणत्या वाटेनें बाहेर पडावें, याचा एक नकाशा लावलेला असतो. आमच्या पुतण्यानें तसाच नकाशा आपल्या घराचा काढला: पलंग, दार, अंगण, आणि त्यांना जोडणारा तांबडा बाण. आम्ही सारे हंसलों. आईनें चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि विचारलें, "पावलं किती?" पुतण्यानें मोजून सांगितलें, "सहा." "सहा लिही मग," ती म्हणाली.

मार्गशीर्षांत खोली तयार झाली. पहिले आठ दिवस आई दुपारीं तेथें जाऊन बसे आणि रात्रीं ओसरीवर निजे. कोणी आग्रह करावयाचा नाहीं, असें सर्वांनीं ठरविलें होतें. पुढें एका थंडीच्या रात्रीं ती आपली उशी घेऊन आंत गेली. सकाळीं साडेसहा झाले तरी ती उठली नाहीं. चहा तिच्या हातचा घेण्याची आम्हांस इतकी संवय कीं, धाकटे बंधू हांक मारावयास निघालेही. तों थोरल्या सूनबाईंनीं त्यांना ओसरीवरच अडविलें आणि चहाचें आधण स्वतः ठेविलें.

आतां आई रोज तेथेंच निजते. अंगणाकडचें दार ती नुसतें लोटून ठेविते, कडी घालीत नाहीं. घाल असें आम्हीही म्हणत नाहीं.