इची, नी, सान... कुर्ला!

बालमित्रांनो, कुर्ला म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? बाहेरगावच्या वाचकांना बहुधा रेल्वे स्टेशनच आठवेल. ते स्टेशनही साधंसुधं नाही बरं का! ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेवरची गाडी धावली, ती व्हीटीहून या कुर्ल्यापर्यंतच. पण आज आपण गाडीतून उतरून पूर्वेला बाहेर पडू नि नेहरूनगरकडं चालू लागू. म्हाडाच्या इमारती, एसटीचा डेपो, भाजीच्या गाड्या, वडापावचा वास. संध्याकाळचे सहा वाजून गेले की इथं एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरून, नाहीतर शाळेच्या हॉलमधून आवाज येतो, "इची! नी! सान! शी! गो!"

हे जपानी भाषेतलं एक, दोन, तीन, चार, पाच. वर जाऊन पाहिलं तर पंधरा-वीस मुलंमुली रांगेत उभी. अंगात पांढरा सदरा-विजार, कमरेला पट्टा, पाय अनवाणी. आकडा उच्चारला की सगळ्यांची मूठ एकदम पुढं! मधेच पोटातून जोरदार आरोळी निघते, तिला 'किआई' म्हणतात. खाली कुत्री भुंकायला लागतात. आकडे जपानी, पण रागावणं मात्र अस्सल कुर्ल्याचं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "अरे, गुडघा वाकव ना! ऐसे नहीं, वैसे!" शिकवणाऱ्याला जपानीत 'सेन्सेई' म्हणतात, म्हणजे आपल्या आधी जन्मलेला. इथली मुलं त्यांना सरळ 'सर' म्हणून मोकळी होतात.

आता हे कराटे इथवर आलं कसं? जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचं बेट आहे. चीनकडून आलेल्या विद्येची तिथल्या विद्येशी सांगड घालून तिथल्या लोकांनी ही कला वाढवली. पूर्वी 'कराटे' या शब्दाचा अर्थ 'चिनी हात' असा लिहीत. पुढं १९३० नंतरच्या काळात उच्चार तोच ठेवून अक्षर बदललं नि अर्थ झाला 'रिकामा हात'. ही विद्या गुपचूप, घरच्या अंगणात, मोजक्या शिष्यांना शिकवली जाई. ती सगळ्यांसाठी खुली झाली कुठं, माहीत आहे? चक्क प्राथमिक शाळेत! १९०१ च्या सुमारास अंको इतोसु या गुरूंनी ओकिनावातल्या शाळेत कराटे शिकवायला सुरुवात केली. जुने डाव मुलांना अवघड पडतील, धोक्याचेही ठरतील, म्हणून त्यांनी सोप्या हालचालींच्या पाच मालिका बांधल्या. अशा मालिकेला 'काता' म्हणतात. या पाच काता म्हणजे 'पिनान'. काही पंथांत त्यांनाच 'हेइआन' हे नाव आहे.

याच परंपरेतले गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला गेले, तिथं त्यांनी कराटेचं प्रात्यक्षिक करून दाखवलं आणि मग ते तिथंच राहून शिकवू लागले. त्यांचा पेशा कोणता होता? प्राथमिक शिक्षक! (हे वाचून मला किती आनंद झाला, ते आमच्या स्टाफरूमला विचारा.) म्हणजे कुर्ल्याच्या गच्चीवरचा एखादा चौथीतला मुलगा 'हेइआन शोदान' करतो, तेव्हा तो शंभरहून जास्त वर्षांपूर्वी शाळकरी मुलांसाठीच रचलेला धडा गिरवत असतो. आणि त्या धड्यातली पहिली हालचाल ठोसा नाही. डावीकडं वळून आलेला वार खाली अडवायचा, ही पहिली हालचाल.

जपानशी कुर्ल्याची ओळख तशी जुनीच. चुनाभट्टीच्या बाजूला इथं स्वदेशी मिल होती. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये कुर्ल्यातली धरमसी मिल घेऊन तिला 'स्वदेशी' हे नाव दिलं. १८९३ मध्ये हेच जमशेटजी जपानला गेले आणि तिथल्या निप्पॉन युसेन कैशा या बोट कंपनीशी बोलणी करून आले. त्याच वर्षी मुंबई ते कोबे बोटी सुरू झाल्या, कापसाच्या गाठी तिकडं जाऊ लागल्या. कापूस गेला, मग काही वर्षांनी तिकडून कुस्ती आली! १९०५ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतनात सानो जिन्नोसुके यांना ज्युदो शिकवायला आणलं. नंतर १९२९ मध्ये ताकागाकी शिन्झो आले. तिथं मुलीही ज्युदो शिकत. नोबेल पारितोषिक मिळवणारे अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांतल्याच एक.

कराटे मुंबईत रुजलं ते १९७० नंतरच्या दशकात. परवेझ मिस्त्री यांच्यासारखे शिक्षक वर्ग घेऊ लागले, आणि त्याच सुमाराला ब्रूस लीचे सिनेमे आले. मग काय, गल्लोगल्ली "हूऽऽ, हाऽऽ"! ब्रूस ली चिनी पद्धतीचं कुंग फू लढायचा, कराटे नव्हे. पण हे सांगायला गेलं तर ऐकतो कोण?

पट्ट्यांचीही अशीच गंमत आहे. पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा, ही रंगांची शिडी पाहून मुलं हरखतात. पांढरा नि काळा हे पट्टे जपानी ज्युदोतले जुनेच. मधले बहुतेक रंग मात्र परदेशात भरले गेले. पॅरिसमध्ये शिकवणारे कावाइशी नावाचे ज्युदोचे शिक्षक १९३५ च्या सुमारास असे रंगीत पट्टे देऊ लागले, म्हणून बहुधा त्यांनाच श्रेय देतात. लांबच्या देशातल्या शिष्यांना धीर राहावा, पुढची पायरी दिसावी, हा हेतू. चांगलाच होता. पण आईबाबांनो, आता काही वर्गांत दर थोड्या महिन्यांनी परीक्षा, तिची वेगळी फी, आणि फी भरली की पुढचा रंग! सातवीतल्या मुलाचा पट्टा काळा, पण जिना चढताना धाप लागते, असंही दिसतं. मला विचाराल तर पट्टा शेवटी बघावा.

मग आधी काय बघावं? आवाज! सरकारी शाळांमधल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' नावाची योजना आहे, तीन महिन्यांची. तीन महिन्यांत ठोसा काही पक्का होत नाही. पण अशा वर्गात मुलींना सर्वांत अवघड काय जातं, तर किआई! घरी लहानपणापासून "हळू बोल, हळू हस" ऐकलेलं असतं. पहिल्या दिवशी तोंडातून आवाजच फुटत नाही, एकमेकींकडं बघून खुदुखुदु हसतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मात्र हॉल दणाणतो. कुर्ल्याच्या पुलावर संध्याकाळची गर्दी तुम्ही पाहिली असेल. त्या गर्दीत कुणी मुद्दाम धक्का दिला, नको तिथं हात लावला, तर मूठ चालवायला जागाच नसते. खच्चून ओरडता आलं पाहिजे आणि घरी येऊन सांगता आलं पाहिजे. कराटेची एवढी एकच गोष्ट तीन महिन्यांत अंगी आली, तर ते तीन महिने वाया गेले असं मी म्हणणार नाही.

तुमच्या आजूबाजूला असा वर्ग असला तर नाव घालण्याआधी एक संध्याकाळ नुसते बघत बसा. शिक्षक लहान मुलांना गुडघे, मान सांभाळायला सांगतात का, मुलींना मागच्या रांगेत तर उभं करत नाहीत ना, पडल्यावर कुणी हसतं का, हे पाहा. आणि हो, आत जाताना चपला दाराबाहेर काढा. तिथं सगळे अनवाणीच असतात, सरसुद्धा.