आधी रेघ

अक्षरांचं पहिलं शिक्षण मला महाडच्या बाजारपेठेत मिळालं. आमचं घर पोलादपूरचं, आजोळ महाडला. मे महिन्याच्या सुट्टीत पेंटरकाकांच्या दुकानापुढे मी तासन्‌तास उभी असायचे. खडूची पूड चोळलेली दोरी पाटीवर ताणून ते मधोमध टिचकी मारत. पांढरी रेघ उमटली की म्हणत, "बाय, आधी रेघ, मग अक्षर." शाळेत नेमकं उलट होतं: शब्द लिहा, मग डोक्यावर रेघ ओढा.

मुंबईला जे. जे. उपयोजित कला संस्थेत असताना मोडी कागद पाहिले, तेव्हा काकांची रीत किती जुनी ते कळलं. मोडी लिहिणाराही आधी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरं चालवी. पुढे काही वर्षं जाहिरातीत गेली. कामाला नावं ठेवणार नाही, पण प्रयोगाला सवड नव्हती. म्हणून शिकवायला लागले.

दरवर्षी विद्यार्थ्यांना इकडे आणते. सुरुवात महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांपासून. तिथल्या ब्राह्मी लेखांना शिरोरेषाच नाही. मुलं दगडाला हात न लावता ती अक्षरं हवेत गिरवतात, मनगटातून नव्हे, खांद्यापासून. मग त्याच चालीने बिनरेघेची देवनागरी लिहायची. ही मुलं संगणकावरच्या 'मंगल' फॉन्टवर वाढलेली. तो घडवणारे आर. के. जोशी स्वतः हाताने लिहिणारे सुलेखनकार होते, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवायचे, हे त्यांना मी इथेच सांगते.

जुलै 2021 मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं. ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची आडवी रेघ राहिली. रंग मारण्याआधी, घरच्यांना विचारून, आम्ही त्या रेघेखाली पाण्यात गेलेल्या वस्तूंची नावं लिहिली, त्याच चिखलाने: शिलाई मशीन, रेशनकार्ड, तांदूळ, दप्तर. एक आजी मागे उभ्या राहून सांगत होत्या, "पाटा नका लिहू, तो गावला." माझ्या एका विद्यार्थ्याने ओल्या फडक्याने 'पाटा' पुसला. ते काम मी कुठल्याच प्रदर्शनात मांडलं नाही. ते त्या घरांचं होतं.

सध्या आंबेनळी घाटातल्या पाट्यांचा विचार चाललाय. पावसाळी धुक्यात 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' लांबून सारखेच दिसतात. फरक काय तो डोक्यावरच्या गाठीचा आणि रेघेतल्या एवढ्याशा फटीचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आम्ही पुठ्ठ्यावर 'धोका' लिहून टांगतो आणि अक्षर ओळखू येईनासं होईपर्यंत रस्त्याच्या कडेने मागे चालत जातो. फट रुंद केली तर 'ध' लवकर ओळखू येतो, पण फार रुंद केली की शब्दच फुटतो. म्हणून आता फट तेवढीच ठेवून गाठ मोठी करून पाहतोय. पिवळ्यावर काळं अक्षर पांढऱ्यावरच्या काळ्यापेक्षा बरं टिकतंय. धुकं आहे तोवर 'भ'चंही उरकायचं आहे.